आजीचं ‘हो हो’

हा जुना विनोद तुम्हीही कधीतरी ऐकला असेल. एक बहिरे पाटील बाजारातून वांगी घेऊन निघालेले असतात. वाटेत ओळखीचा एकजण भेटतो. तो म्हणतो, “रामराम पाटील!” पाटील म्हणतात, “वांगी आणलीत.” तो विचारतो, “पोरंबाळं बरी आहेत ना?” पाटील म्हणतात, “सगळ्यांचं भरीत करणार!”

हसू येतं ना? मलाही येतं. विनोद फर्मासच आहे. पण आज आपण जरा पाटलांच्या बाजूने उभं राहून बघू या. त्यांची उत्तरं वेडगळ नाहीत, बरं का! हातात वांगी आहेत. समोरचा थांबलाय, ओठ हलवतोय. म्हणजे तो विचारत असणार, ‘काय आणलंत?’ त्याचं उत्तर दिलं. मग पुढचा प्रश्न कुठला असणार? ‘काय करणार एवढ्या वांग्यांचं?’ पाटलांनी डोकं लढवून दोन्ही प्रश्न ओळखले आणि दोन्ही उत्तरं दिली. ओळखण्यात घोटाळा झाला, एवढंच.

आता असं समजा, की तुम्हाला सकाळपासून रात्रीपर्यंत अशी परीक्षा द्यायची आहे. प्रत्येक प्रश्नातले निम्मे शब्द पुसलेले. उरलेल्यांवरून प्रश्न ओळखायचा आणि लगेच उत्तर द्यायचं. चुकलात की सगळा वर्ग हसणार! किती दिवस टिकाल? चार दिवसांनी तुम्ही एक युक्ती शोधून काढाल. कुणी काही बोललं, की मान हलवायची, थोडं हसायचं आणि म्हणायचं, “हो हो.” निदान कुणी हसत तरी नाही.

तुमच्या आजीचं ‘हो हो’ हे असं तयार झालेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ऐकण्याविषयी एक मोठा अहवाल काढला. साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकाहून जास्त जणांना इतकं कमी ऐकू येतं, की रोजच्या व्यवहारात अडचण व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ही गोष्ट दूरच्या कुणाची नाही. आपल्याच ओटीवर बसलेल्या माणसांची आहे.

रायगड जिल्ह्यातलं तळा घ्या. डोक्यावर तळगड, भोवती डोंगर, भाताची खाचरं आणि वाड्या. या भागातल्या कितीतरी घरांतली कामाच्या वयाची माणसं मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला घर भरतं, एरवी घर सांभाळायला आजी-आजोबा. एरवीच्या दिवसांत त्यांना मुंबईशी जोडणारी एकच दोरी, ती म्हणजे फोन. आणि आजीला ऐकू येत नसेल, तर नेमकी तीच दोरी तुटते! मग काय होतं? फोन शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर येतो. काकू बोलतात, काकू ऐकतात आणि काकूच सांगतात, “बरी आहे म्हणते.” आजीला खरं तर सांगायचं असतं, की गुडघा सुजलाय, या महिन्यात पैसे कमी पडले. पण ते शेजारणीच्या तोंडून मुलाला कसं सांगणार? ती मान हलवते. हो हो.

बहिरेपणामुळे फक्त आवाज जात नाही. स्वतःची गोष्ट स्वतः सांगायची सोयही जाते. बहिऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल सगळेजण बोलतात, त्याच्याशी मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आता कानात नेमकं होतं काय ते पाहू. आपल्या कानाच्या आत, खोलवर, गोगलगाईच्या शंखासारखा एक वळसेदार भाग असतो. त्यात अगदी सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक, उंच स्वरांसाठी आणि आतल्या टोकाच्या पेशी खर्जातल्या आवाजासाठी. वय वाढतं तशा तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात. उंबरठ्याजवळची जमीन आधी झिजते ना, तसंच काहीसं. कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात नाही उगवत!

गंमत अशी, की आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले असतात आणि क, ख, त, स, श यांचा खुसखुशीत आवाज वरच्या पट्टीतला. म्हणून आजीला तुम्ही बोलताय हे ऐकू येतं, पण काय बोलताय ते कळत नाही. खाट, ताट, काठ हे तिला जवळजवळ सारखेच ऐकू जातात. तुम्ही काठी मागता, ती ताट आणून देते. मग तुम्ही ओरडता. ओरडल्याने ‘आ’ मोठा होतो, पण ‘ख’ आणि ‘त’ होते तिथेच राहतात. शिवाय ओरडताना चेहरा रागावलेला दिसतो. आजीला शब्द कळला नाही तरी राग बरोबर कळतो.

“पण ओठांवरून ओळखतात की!” असं कुणी म्हणेल. एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा – पाय, बाय, माय. दिसला काही फरक? ओठांवरून निम्मंशिम्मंच कळतं. बाकीचं डोळे, चेहरा, हात आणि विषय यांच्यावरून जुळवावं लागतं. म्हणून बहिरी माणसं संध्याकाळपर्यंत थकून जातात.

मग बोलायचं कसं? आधी समोर या. पाठीमागून हाक मारू नका, दचकवूही नका; हात हलवा किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करा. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे, आजीच्या डोळ्यांवर नाही. दारात उभे राहून बोललात, की तुमचा चेहरा काळाठिक्कर दिसतो. आधी विषय सांगा – “आजी, लाइटच्या बिलाचं सांगतोय.” विषय कळला, की तिचा निम्मा अंदाज बरोबर येतो. एखादा शब्द कळला नाही, तर तोच पुन्हापुन्हा न ओरडता वेगळा शब्द घ्या. ‘पाट’ कळलं नाही, तर ‘जेवताना खाली घेतो तो’ म्हणा, हाताने आकार दाखवा. तळ्याजवळच्या कुडे लेण्यांत उपदेश करणाऱ्या बुद्धाच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांच्या हातांकडे एकदा नीट बघून या. हातांनी बोलणं आपल्याला काही नवं नाही.

संगीतकार बेथोव्हेन ठार बहिरा झाला, तेव्हा १८१८ पासून तो वह्या बाळगू लागला. भेटायला येणारे त्यात लिहून विचारायचे. अशा शंभराहून जास्त वह्या आजही जपून ठेवल्या आहेत! वही-पेन्सिल आजही उत्तम चालते. मात्र आपल्याकडच्या कितीतरी आज्या शाळेत गेलेल्या नाहीत, हे विसरू नका. तिथे चित्र काढायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढलेत, तरी सकाळ-रात्र कळते.

एक वाक्य मात्र कधीच बोलायचं नाही. सगळे हसत असतात, आजी विचारते, “काय झालं रे?” आणि आपण म्हणतो, “काही नाही गं, जाऊ दे.” बहिऱ्या माणसांना सगळ्यात जास्त काय लागतं असं विचारलंत, तर पुष्कळजण हेच वाक्य सांगतील. गणपतीत घरात पंधरा माणसं जमतात, सगळी एकदम बोलतात, आणि आजी आठालाच अंथरुणावर जाते. आपण म्हणतो, आजीला लवकर झोप येते. झोप कसली! तिथे बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा आडवं झालेलं बरं, असं तिला वाटतं. यंदा एक करा. घरातल्या एकाने रोज रात्री आजीचा ‘बातमीदार’ व्हायचं. तिच्या समोर बसायचं आणि कोण काय बोललं ते थोडक्यात तिला सांगत राहायचं. पाळी लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंटाळाल. कंटाळा येतोच, खोटं कशाला बोला!

आता श्रवणयंत्राकडे वळू. माझ्या शेजारच्या आजोबांचं यंत्र वर्षभर कपाटात डबीत पडून होतं. का? तर “नुसता गोंगाट होतो.” त्यांचं चूक नव्हतं. यंत्र माणसाच्या बोलण्याबरोबर भांडी, पंखा आणि कावळाही मोठा करतं. चष्मा घातल्याबरोबर दिसतं, तसं इथे होत नाही. मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवायचं. आणि अडचण बहुधा यंत्राची नसतेच, बटणाएवढ्या सेलची असते. बऱ्याच यंत्रांच्या सेलवर एक चिकटपट्टी असते. ती काढली, की सेलमध्ये हवा शिरते आणि तो चालू होतो. मग वापरा, न वापरा, तो उतरायला लागतो. म्हणून पट्टी आधीच काढून ठेवायची नाही. सत्तरीतल्या, सांधे धरलेल्या बोटांना तो इवलासा सेल बसवता येत नाही. तुमच्या बोटांना येतो. कोकणातल्या पावसात दमट हवेने यंत्र बिघडतं, तेव्हा रात्री सेल काढून ते सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट डबीत ठेवायचं. आणि हो, कानात गरम तेल ओतणं बंद! कधीकधी कानात नुसता मळ साठलेला असतो. डॉक्टर तो काढतात आणि आजोबांना पुन्हा बरंच ऐकू येतं. म्हणून आधी डॉक्टर.

हे नुसतं सोयीसाठी नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१७, २०२० आणि २०२४ साली अहवाल दिले. म्हातारपणी विसरभोळेपणाचा मोठा आजार होण्यामागे जी टाळता येण्याजोगी कारणं आहेत, त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा हे एक मोठं कारण त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं आहे.

इथवर मी बोललो ते म्हातारपणी ऐकू येईनासं झालेल्यांबद्दल. पण काही आजी-आजोबा जन्मापासूनच बहिरे असतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त अवघड आहे.

आपल्या देशातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा १८८५ साली मुंबईत निघाली, असं मानतात. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी डोंगरातल्या वाडीवर बहिरं मूल जन्मलं, तर ते मुंबईच्या शाळेपर्यंत कसं पोहोचणार? बहुतेक मुलं पोहोचलीच नाहीत. ती गुरं राखायला गेली, लावणीला गेली, मोठी झाली, म्हातारी झाली. गावाने त्यांना नावही ठेवलं – ‘मुका’, ‘मुकी’. खरं नाव मतदारयादीतच सापडेल. (‘मुका’ हा शब्द तसा चुकीचाच आहे. त्यांचा घसा ठणठणीत असतो. ऐकू आलं नाही, म्हणून बोलायला शिकता आलं नाही, इतकंच.)

पण माणूस भाषेशिवाय राहत नाही. अशा घरात आई, बहीण, भाऊ मिळून खुणांची एक भाषा तयार करतात. मिशीला हात लावला की मामा, कपाळावर आडवं बोट की आई, मनगटावर टिचकी की दवाखाना. प्रत्येक घराची वेगळी. शेजारच्यालाही ती पुरती कळत नाही. आता विचार करा. ही भाषा जगात चार-पाच माणसांनाच येते. आधी आई जाते. मग भाऊ जातो. बहीण लग्न होऊन लांब गेलेली असते. आणि एक दिवस असा येतो, की सत्तर वर्षांची ती बाई एका अशा भाषेत हात हलवत असते, जी समजणारं गावात कुणीही उरलेलं नाही. लोक म्हणतात, “म्हातारी झाल्यापासून चिडचिड करते.” का नाही करणार?

याच्या अगदी उलट गोष्टही एका ठिकाणी घडली आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज विनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या बहिरी मुलं जन्माला येत. चिलमार्क नावाच्या गावात तर दर पंचवीस माणसांत एक बहिरा होता. मग गावाने काय केलं? ऐकू येणारेसुद्धा सगळे खुणांची भाषा शिकले. दुकानात, होडीवर, सभेत तीच भाषा. नोरा ग्रोस नावाच्या संशोधक बाईंनी तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या लोकांबद्दल विचारलं. ते म्हणायचे, अमका फार चांगला कोळी होता. तो बहिरा होता का, असं मुद्दाम विचारल्यावर त्यांना आठवायचं, की हो, होता खरा! त्या परंपरेतली शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली. पुढे १९८५ साली नोराबाईंचं पुस्तक निघालं.

आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा आहे. हावभावांचा खेळ नव्हे, पुरी भाषा, व्याकरणासकट. ‘काय’, ‘कुठे’ हे प्रश्न तिच्यात वाक्याच्या शेवटी येतात. दिल्लीच्या संस्थेने २०२१ साली तिच्या शब्दकोशात १० हजार शब्द पुरे केले. त्याची चित्रफीत मोबाइलवर फुकट बघता येते. पंधरा-वीस खुणा तुम्ही आठवड्यात शिकाल. मात्र वाडीवरच्या आजीला ही भाषा येत असेलच असं नाही. तिथे तुम्ही शिकवायला जाऊ नका, तिच्याकडून शिकायला जा. तिच्या खुणा वहीत चित्र काढून उतरवा, मोबाइलवर घेतल्यात तर तिला विचारून घ्या. खेडवळ म्हणून सोडून देऊ नका. त्या घरातल्या धाकट्या पोरांनाही शिकवा. एखादी भाषा जिवंत ठेवायला कधीकधी दोन पोरंही पुरतात.

आता थोडं सरकारी कामाचं. हे कंटाळवाणं आहे, पण पैसे आणि हक्क इथेच अडकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचं ऐकणं ७० डेसिबलपर्यंत गेलं असेल, तर माणूस बहिरा धरला जातो. ६० ते ७० असेल, तर ऐकण्यात अधू. त्यासाठी कानाची तपासणी करून दाखला काढावा लागतो. गरीब वृद्धांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशा वस्तू देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या वृद्धांना अशा वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये द्यायचं ठरवलं. तेवढ्यात साधंच यंत्र येतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारता येतं. तुमचं वय नाही, पण आई-बाबांचं आहे ना!

आणि या सगळ्यात आजी कुठे अडते? रांगेत! आतून नाव पुकारतात, तिला ऐकू येत नाही, नंबर निघून जातो. २०२१ साली देशभर सुरू झालेली ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ चांगली आहे. पण ती फोनवर आहे! ज्याला ऐकू येत नाही, त्याने फोन कसा करायचा? तर तो तुम्ही करायचा, आजीला शेजारी बसवून. एक पथ्य पाळा. साहेब तुमच्याकडे बघून विचारतील, “हिला काय पाहिजे?” तुम्ही उत्तर देऊ नका. आजीकडे वळा, तिला प्रश्न समजावा, ती काय सांगते ते पाहा आणि तेच सांगा. दोन मिनिटं जास्त लागतील. लागू देत.

शेवटची गोष्ट वादळाची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पत्रे उडाले, माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. वादळाची सूचना माणसांपर्यंत येते कशी? भोंग्यावरून, टीव्हीवरून, फोनवरून, शेजाऱ्याच्या हाकेवरून. म्हणजे बहुतेक सगळी कानांवाटे. त्यात ते मास्कचे दिवस, म्हणजे ओठही झाकलेले. आणि रात्री दिवे गेल्यावर? आपण अंधारातही एकमेकांशी बोलतो. बहिऱ्या माणसाला अंधारात ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत. दिवा गेला, की त्याचं ऐकणंही जातं.

म्हणून पावसाळ्याच्या आधी तुमच्या आळीत किंवा वाडीवर कोण कोण आजी-आजोबा ऐकू न येणारे आहेत, त्यांची घरं माहीत करून घ्या. वेळ आली, तर त्यांना सांगायला कोण जाणार, ते मोठ्यांशी बोलून ठरवा. दाराला आतून कडी असेल, तर ठोठावून उपयोग नाही, तेव्हा दुसरी किल्ली कुणाकडे तेही. घंटेच्या बटणाला जोडून आत एक दिवा लावायचं काम गावातला कुठलाही वायरमन करून देईल. आणि प्रत्येकीच्या उशाशी एक टॉर्च हवा, चार्ज केलेला. तुमच्याकडेही एक. अंधारात आजीला काही सांगायचं असेल, तर तो तिच्या डोळ्यांवर मारू नका. स्वतःच्या तोंडावर आणि हातांवर धरा, आणि मग बोला.